पाणी कुठलं आहे? : मासेमारीच्या छायाचित्रांविषयी

(कासारवाडी इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय आहे मासेमारीची छायाचित्रं. विषय कळल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की कासारवाडीत कसली आलीय मासेमारी? इथे नाशिक फाट्याचा दुमजली पूल आहे, लोकल आहे, मेट्रो आहे, हायवेच्या कडेला कारखाने आहेत. मासे खायचे तर बाजारातून आणायचे. प्रश्न रास्त आहे, आणि आजचं बरंचसं बोलणं याच प्रश्नाभोवती फिरणार आहे. कारण कासारवाडीला नदी आहे. पलीकडे पिंपळे गुरव, अलीकडे आपण, आणि मधून पवना. ती आपल्या डोळ्यांतून इतकी उतरली आहे, की मासेमारी म्हटल्यावर आपल्याला ती आठवतसुद्धा नाही. आपल्याला आठवतं भिगवण.

तर भिगवणपासूनच सुरुवात करू. पिंपरी-चिंचवडमध्ये ज्याच्या हातात बरा कॅमेरा आहे, तो हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे तीनला उठून भिगवणला गेलेला असतो. शंभरेक किलोमीटर. कुंभारगाव किंवा डिकसळला उजनीच्या काठावर होडी ठरवायची, अंधारातच पाण्यात शिरायचं. तिथे जे चित्र मिळतं ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. केशरी पाणी, त्यावर धुकं, होडीच्या टोकाला उभा असलेला एक माणूस, त्याची नुसती काळी आकृती, आणि त्याच्या हातून सुटलेलं, हवेत गोल उघडलेलं फेकजाळं. मागे जमलंच तर रोहित पक्ष्यांची रांग.

हे चित्र सोपं नाही, हे आधी मान्य करू. सूर्य समोर असताना उजेडाचं माप बसवणं, जाळं पूर्ण उघडण्याचा तो अर्धा क्षण पकडणं, सेकंदाच्या हजाराव्या भागाचं शटर ठेवूनही दोऱ्यांवरचं पाणी चमकताना दिसणं, आणि हे सगळं हलत्या होडीतून. ही कारागिरी आहे, आणि ती ज्यांच्याकडे आहे त्यांच्याबद्दल आम्हाला आदर आहे. आमची तक्रार कारागिरीबद्दल नाही. या चित्रात मासेमारी किती आहे, एवढंच आम्ही विचारतो आहोत.

उजनीसारख्या मोठ्या जलाशयात मासेमारी मुख्यतः तंगूसाच्या जाळ्यांवर चालते. संध्याकाळी जाळी लावायची, रात्रभर ठेवायची, पहाटे उचलायची. मग एकेक मासा जाळ्यातून सोडवायचा, फाटलेलं जाळं बाजूला काढायचं, मासे निवडायचे, बर्फात घालायचे, बाजार गाठायचा. या कामात माणूस बहुतेक वेळ वाकलेला असतो. तो उभा राहून आकाशाकडे जाळं उडवतो तो बऱ्याचदा आपल्यासाठी. "दादा, अजून एकदा टाका ना, सूर्य जरा वर आलाय," असं होडीतून कुणीतरी म्हणतं, आणि दादा टाकतात. त्याचे पैसे मिळतात, मिळायलाच हवेत. त्यात दादांचं काही चुकत नाही. पण त्या जाळ्यात मासा येणं हा त्या फेकीचा हेतूच नसतो. आणि खाली ओळ छापली जाते: 'पहाटेची मासेमारी'.

हे फक्त आपल्याकडे घडतं असंही नाही. म्यानमारच्या इन्ले सरोवरात एका पायाने वल्हं मारणारे इंथा कोळी आहेत. त्यांच्या शंकूच्या आकाराच्या मोठ्या टोपल्यांचे फोटो जगभर फिरतात. त्या टोपल्या घेऊन पर्यटकांसमोर उभे राहणाऱ्यांपैकी कित्येकांचा धंदा आता उभं राहणं हाच आहे. चीनच्या ली नदीवर पाणकावळे घेऊन तराफ्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्या कोळ्यांचंही तेच झालं. धंदा बदलला, चित्र मात्र जुन्या धंद्याचंच निघत राहिलं. उजनीवर मासेमारी अजून खरी आहे, मोठी आहे, हजारो घरं त्यावर चालतात. तरीही तिचं जे चित्र आपण काढतो ते मात्र खेळातलं आहे.

आता दुसरा मुद्दा, आमच्या मते जास्त महत्त्वाचा. या चित्रातलं पाणी कुठलं आहे?

भूगोल फार अवघड नाही. पवना मावळातून, सह्याद्रीच्या कुशीतून निघते. रावेतला बंधारा आहे, तिथे शहराचं पिण्याचं पाणी उचललं जातं. तिथून खाली थेरगाव, चिंचवड, पिंपरी, कासारवाडी करत ती दापोडी-सांगवीजवळ मुळेला मिळते. मुळा पुण्यात संगमावर मुठेला मिळते. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. आणि भीमेवर सोलापूर जिल्ह्यात १९८० साली पूर्ण झालेलं उजनी धरण आहे. त्याच्याच फुगवट्याच्या पाण्यावर भिगवण वसलं आहे.

म्हणजे रविवारी पहाटे आपण शंभर किलोमीटर गाडी चालवून ज्या पाण्याचा फोटो काढतो, त्यातलं काही पाणी आपल्या पुलाखालून आपल्या आधीच निघालेलं असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, सगळ्या राज्यांत जास्त. त्या यादीत पवना आहे, मुळा आहे, मुठा आहे, भीमा आहे. कासारवाडीत महापालिकेचं मैलाशुद्धीकरण केंद्र आहे. तरीही थेरगावच्या केजूबाई बंधाऱ्यावर पांढऱ्या फेसाचे डोंगर आणि मेलेले मासे यांच्या बातम्या अधूनमधून येत असतात. बातमीबरोबर एक फोटो असतो, घाईत मोबाइलवर काढलेला. तो कुठल्या प्रदर्शनात लागत नाही. आणि भिगवणचा फोटो लागतो तेव्हा त्याच्याखाली पवनेचं नाव नसतं. एकाच पाण्याचे दोन फोटो, आणि त्यांची एकमेकांशी ओळख नाही. ही ओळख करून देणं हे खरं तर छायाचित्रकाराचंच काम होतं.

आता जाळ्यातला मासा बघू. त्या सुंदर चित्रात मासा दिसत नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दिसला तर बहुधा चिलापी दिसेल. चिलापी मूळची आफ्रिकेतली. भारतात ती १९५२ साली आणली गेली. खराब पाण्यात, कमी प्राणवायूत तगून राहणारा हा मासा आहे. आज हॉटेलांच्या पाट्यांवर तिचं नाव ठळक असतं, आणि गरीब माणसालाही ती परवडते, हे चांगलंच आहे. पण या पाण्यात एकेकाळी काय होतं? कर्नल साईक्स नावाचा इंग्रज अधिकारी १८२०च्या दशकात दख्खनची पाहणी करत फिरत होता. त्याने इथल्या माशांवर एक निबंध लिहिला. त्यात १८३९ साली त्याने एका मोठ्या माशाचं वर्णन केलं, आणि ठिकाण दिलं पुण्याच्या पूर्वेची मुळा-मुठा. तो मासा म्हणजे आपला खडशी, म्हणजे महाशीर. शास्त्रीय नावातलं 'खुद्री' अजून त्याची आठवण ठेवून आहे. पुढे या जातीचं बीज वाढवण्यासाठी लोणावळ्याला वळवणच्या तलावावर टाटांना हॅचरी चालवावी लागली. साईक्सचा निबंध सचित्र छापला गेला, म्हणून त्याने कुठल्या पाण्यात कुठला मासा पाहिला ते आपण आज सांगू शकतो. १८३९च्या या नोंदीत मासा आहे, नदीचं नाव आहे, दिशा आहे. आपल्या पन्नास मेगापिक्सेलच्या फोटोत यातलं काहीच नाही.

नोंदीची किंमत काय असते याचं एक उदाहरण सांगतो, ते आम्हाला फार आवडतं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचं बेट आहे. हौशी लोक तिथे भाड्याच्या बोटीतून मासे पकडायला जातात. परत आल्यावर धक्क्यावरच्या फळीला दिवसाचे सगळ्यात मोठे मासे टांगायचे आणि शेजारी हसत उभं राहून फोटो काढायचा, ही रीत. कलेच्या दृष्टीने अगदी सामान्य फोटो. पण जागा तीच, फळी तीच, वर्षं माहीत. लॉरेन मॅक्लेनाहन या संशोधिकेने १९५६ ते २००७ या काळातले असे फोटो शेजारीशेजारी ठेवले आणि २००९ साली निष्कर्ष छापला. टांगलेल्या माशाचं सरासरी वजन सुमारे वीस किलोवरून सव्वादोन किलोच्या आसपास आलं होतं. सुरुवातीच्या फोटोत माणसाएवढे मासे, शेवटच्या फोटोत हातभर. बोटीचं भाडं मात्र उतरलं नव्हतं. माणसं तशीच हसत होती. ज्या धंदेवाईक फोटोग्राफरने तो ढीगभर फोटो काढून ठेवला, त्याने कधी समुद्र वाचवण्याचा विचार केला असेल असं नाही. तो रोज एकाच जागी उभा राहिला, एवढंच. आपल्याकडे भिगवणचे लाखो फोटो असतील, पण त्यावरून वीस वर्षांत उजनीत काय बदललं ते सांगता येणार नाही. सगळे फोटो एकाच पहाटेचे वाटतात.

दुसऱ्या टोकाचं उदाहरण जपानचं. मिनामाता हे कोळ्यांचं गाव. तिथल्या चिस्सो कंपनीने पारायुक्त सांडपाणी वर्षानुवर्षं खाडीत सोडलं. ते माशांत गेलं, माशांतून माणसांत गेलं. १९५६ साली रोगाची अधिकृत नोंद झाली. १९७१मध्ये युजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ तिथे राहायला गेले, तीन वर्षं राहिले. १९७५ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यातला आईने आंघोळ घालत असलेल्या तोमोकोचा फोटो जगाने पाहिला. पुढे तिच्या आईवडिलांच्या इच्छेचा मान ठेवून आयलीन यांनी तो फोटो वापरासाठी देणं थांबवलं. आम्हाला या गोष्टीचे दोन्ही भाग सारखेच मोलाचे वाटतात. आधी तीन वर्षं त्याच पाण्याकाठी राहणं, आणि नंतर फोटोतल्या माणसाचं ऐकून थांबणं. भिगवणच्या काळ्या आकृतीला आपण काही विचारत नाही, कारण तिला चेहराच ठेवलेला नाही.

इथे तुमच्यातले फोटोग्राफर म्हणतील, बोलायला ठीक आहे, पण पोट? हा आक्षेप आम्ही हलक्यात घेत नाही. या पट्ट्यात निसर्गाचे, नदीचे फोटो काढून घर चालवणारे फार थोडे. बाकीचे लग्नं करतात, प्री-वेडिंग करतात, आठवडाभर भोसरी-चाकणच्या एमआयडीसीत यंत्रांचे, सुट्या भागांचे कॅटलॉग काढतात. रविवारी कार्यशाळा घेऊन दहा जणांना भिगवणला नेतात. कॅलेंडरवाल्याला केशरी पाणी हवं असतं, फेस नको असतो. ज्या कंपनीचं कॅटलॉगचं काम आहे तिच्यामागच्या नाल्याचा फोटो काढ, असं पगारी किंवा कंत्राटी माणसाला सांगणं सोपं आहे, ऐकणं अवघड. सगळ्यांनी स्मिथ व्हावं अशी मागणी आम्ही करत नाही. स्मिथला १९७२ साली कंपनीच्या माणसांनी मारहाण केली होती. त्या दुखण्याने त्याचे डोळेही सुटले नाहीत.

आमची मागणी खूप लहान आहे. फोटोखालची ओळ. तारीख लिहा. गावाचं आणि नदीचं नाव लिहा, नुसतं 'महाराष्ट्र' नको. जाळं फोटोसाठी टाकायला लावलं असेल तर तसं लिहा. मासा दिसत असेल तर त्याला तिथले लोक काय म्हणतात ते विचारा आणि लिहा. माणसाचं नाव त्याला विचारून, तो हो म्हणाला तर लिहा. यासाठी कुणाचं काम सुटत नाही, कॅलेंडरवालाही रागावत नाही. आणि समीक्षक म्हणून, स्पर्धेचे परीक्षक म्हणून आम्ही ही ओळ फोटोचा भाग मानायला लागलो, तर चार वर्षांत फरक पडेल. ओळ खरी लिहायची ठरवली की चौकटही बदलते. वाकून मासे सोडवणारी बाई फोटोत येते, बर्फाचा ढीग येतो, वजनकाटा येतो.

आणि एक. नाशिक फाट्यावरून वाकडकडे जाणारा रस्ता पवनेवरून जातो. तिथे थांबून खाली बघा. काठावर कधीकधी गळ टाकून बसलेला कुणीतरी आम्हाला अजून दिसतो. तो कशासाठी बसतो, काय मिळतं, घरी नेतो का सोडून देतो, हे विचारायला पहाटे तीनला उठावं लागत नाही. महिन्यातून एकदा, त्याच जागेवरून, पाऊस असो की ऊन, एक फोटो. पाणी कधी हिरवं असेल, कधी फेसाळ, पावसाळ्यात तांबडं. एकेक फोटो पाहून कुणी वाहवा करणार नाही. पण दहा वर्षांनी ते एकशेवीस फोटो शेजारीशेजारी ठेवले, तर त्या नदीबद्दल महापालिकेशी, मंडळाशी, कारखान्यांशी बोलताना कासारवाडीच्या हातात काहीतरी असेल. भिगवणला जरूर जा, पक्षी बघा, काकांना होडीचे पूर्ण पैसे द्या. फक्त तिथून पाण्याकडे बघताना ते कुठून आलं आहे एवढं लक्षात असू द्या.

आमचं बोलणं इथे थांबवतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.