दोन तुराट्यांमधली हवा

लहानपणी आमचे फुगे मोगली एरंडाच्या चिकाचे असायचे. कुंपणावरचं पान देठाजवळ मोडायचं, मोडलेल्या जागी चिकाचा पापुद्रा धरला की त्यावर हलकेच फुंकर घालायची. (बिया विषारी असतात हे आजी ओरडून सांगायची, चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही हे आईच्या धपाट्यावरून कळायचं.) बोराएवढा फुगा, आणि त्यात आपला श्वास. यंदा श्रावणात भाचीच्या हट्टापायी माणसाएवढा फुगा करायला घेतला, तेव्हा ही जातच निराळी असल्याचं ध्यानात आलं. मोठा फुगा फुंकायचा नसतो. भिजलेली दोरी दोन काठ्यांवर ताणून उभं राहायचं आणि वाऱ्याला आत येऊ द्यायचं. लहान फुग्यात माणसाची हवा असते, मोठ्यात गावाची.

दहावीच्या पेपरात रसग्रहण लिहिताना आपण आशयसौंदर्यापासून सुरुवात करायचो. इथे सुरुवात काठ्यांपासून करावी लागते. उदगीरच्या शिवारात तुरीला तोटा नाही. गेल्या सालच्या तुराट्या गोठ्याला टेकून उभ्या होत्या. लांब, हलक्या, मुलांच्या हाताला जड न होणाऱ्या. दोन तुराट्यांच्या शेंड्यांना हातभर सुती दोरी बांधली, तिच्या खाली दुपटीनं लांब दुसरी, आणि खालच्या दोरीच्या मधोमध वजनाला एक नट. काठ्या फाकवल्या की त्रिकोण होतो. दोरी सुतीच हवी. सूत पाणी पितं, नायलॉन नुसतं ओलं होतं, आणि हवेत फुगा लांबत जातो तेव्हा त्याला लागणारं पाणी ही दोरीच पुरवते.

पहिल्या दिवशी परातीत बोअरचं पाणी घेतलं आणि त्यात अंगाचा साबण किसून टाकला. फेस कमी, साकाच जास्त. इथलं पाणी काळ्या खडकातून येतं, जड असतं. त्यातलं कॅल्शियम साबणाला धरून बसतं आणि फुग्याच्या वाट्याला काही उरत नाही. दुसऱ्या दिवशी जारचं पाणी आणलं. एक लिटरला भांडी घासायचं लिक्विड ५० मिली आणि दोन-तीन ग्रॅम गवारगम. ही पूड थेट पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात, म्हणून आधी ग्लिसरीनमध्ये कालवायची. जी गवार आपण शेंगदाण्याचं कूट घालून खातो, तिच्याच बियांचा हा डिंक. त्याचे लांबलचक रेणू एकमेकांत गुंततात, म्हणून पापुद्रा ताणला तरी चटकन तुटत नाही. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०२० साली दाखवलं की हे रेणू सगळे एकाच लांबीचे नसले, आखूड-लांब मिसळलेले असले, तर पापुद्रा अधिक ताणतो. सुतळी वळताना आखूड-लांब धागे एकमेकांत घालणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागणार नाही.

आता फुगाच वाचू. काठ्या परातीतून सावकाश वर आल्या की त्रिकोणात पापुद्रा असतो, पण दिसत नाही. तिरका उजेड पडला तरच दिसतो. एक पाऊल मागे घेतलं की त्याला पोट सुटतं. मग त्या पोटाचं पोतं होतं आणि ते लांबत जातं. खरी कसोटी पुढे आहे. काठ्या जवळ आणून पोत्याचं तोंड मिटायचं. घाई केली तर फुगा लहान राहतो, हाव केली तर फुटतो. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये २०१५ साली गॅरी पर्लमन यांनी ९६ घनमीटरांहून मोठा फुगा सोडला. मराठवाड्याच्या मापात सांगायचं तर दहा हजार लिटरचे साडेनऊहून जास्त टँकर. त्यांनीही तोंड कुठेतरी मिटलंच असेल.

सुटलेला मोठा फुगा गोल नसतो, आणि मला त्याचं हेच फार आवडतं. फुगा जितका लहान तितका आतला दाब जास्त, म्हणून बोराएवढा फुगा ताठ्यानं गोल राहतो. मोठ्याच्या आत दाब नावालाच. वारा जिकडून टेकेल तिकडे तो खचतो, डुलतो, कधी रांजण होतो, कधी भोपळा. त्याच्या अंगावर गोठा, पत्रे आणि आभाळ दोनदा दिसतात: पुढच्या बाजूवर सरळ, मागच्या बाजूच्या खोलगटावर उलटे. रंगही थांबत नाहीत. पाणी खाली ओघळतं, वरची बाजू विरत जाते, आणि गुलाबी-हिरव्या पट्ट्यांमागून निळा, जांभळा, पिवळा येतो, मग पांढरट. आणखी पातळ झाला तर माथ्यावर काळा ठिपका उमटतो. न्यूटनच्या १७०४ सालच्या ‘ऑप्टिक्स’मध्ये त्याची नोंद आहे, पण बाहेरच्या हवेनं रंग ढवळू नयेत म्हणून त्यानं फुग्यावर काच झाकली होती. आमच्या फुग्यानं तो ठिपका कधी दाखवला नाही. माझी तक्रारही नाही. काचेखालच्या फुग्याला वारा कुठला?

संतांपासून कीर्तनकारांपर्यंत सगळ्यांनी आपल्याला बुडबुडा फुटताना दाखवला. तो टिकतो कधी, हे पाहिलं तर गावाचं हवामान कळतं. एप्रिलमध्ये इथली कोरडी हवा पापुद्र्यातलं पाणी बघता बघता पिऊन टाकते. २०२२ च्या एप्रिलमध्ये ९५वं साहित्य संमेलन इथेच भरलं होतं. त्या उन्हात भाषणं तगली, फुगा तगला नसता. श्रावणात सर पडून गेली, धूळ बसली, वारा जेमतेम पान हलवण्यापुरता राहिला, की सकाळी सात ही त्याची वेळ.

अशाच एका सकाळी भाचीनं कोपरापर्यंत हात परातीत बुडवला आणि तो फुग्यात घातला. ओल्या हाताला फुगा वाट देतो. हात आत, फुगा शाबूत, पोरीचा श्वास अडकलेला. मग फुगा तिच्या हातावरून निसटला, गोठ्याच्या पत्र्यावरून वर चढला आणि शेजारच्या बाभळीपाशी दिसेनासा झाला.

‘‘मामा, परत.’’

परातीत अजून निम्मं पाणी होतं.