भोजनकालाचा वाद : दोन पुस्तके आणि एक प्रश्न

स्थूलता घालवावयाची तर काय खावे, हा प्रश्न जुना आहे. केव्हा खावे व किती वेळा खावे, हा प्रश्न त्या मानाने अलीकडे पुढे आला. आणि महाराष्ट्रात तरी २०१८ च्या सुमारास त्यास असे काही उधाण आले की, एकाच घरात दोन पक्ष पडले. एक पक्ष दिवसातून दोनदाच जेवणारांचा. दुसरा दर दोन तासांनी थोडेथोडे खाणारांचा. पहिल्याचा आधारग्रंथ डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचे ‘विनासायास वेटलॉस व मधुमेह प्रतिबंध’ हे मराठी पुस्तक. दुसऱ्याचा श्रीमती ऋजुता दिवेकर यांचे २००९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेले ‘डोन्ट लूज युअर माइंड, लूज युअर वेट’ हे पुस्तक. वाङ्मयास वाहिलेल्या मासिकाने असल्या पुस्तकांचा विचार कशास करावा, अशी शंका कोणी घेईल. परंतु ज्या गद्याने असंख्य कुटुंबांच्या जेवणाच्या वेळा बदलल्या, त्या गद्यातील युक्तिवाद कितपत सुसंगत आहे, हे पाहणे टीकाकाराचे कामच होय.

प्रथम दोन्ही पक्षांचे म्हणणे थोडक्यात सांगितले पाहिजे. डॉ. दीक्षित यांनी आपल्या योजनेचे श्रेय २००४ साली निधन पावलेले डॉ. श्रीकांत जिचकार यांस मोकळेपणाने दिले आहे. योजना अशी : आपणांस खरी कडकडून भूक केव्हा लागते त्या दोन वेळा ओळखाव्या, त्याच वेळी जेवावे, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत आटोपावे, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा चहा अशांवर भागवावे, आणि रोज पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चालावे. यामागील उपपत्ती इन्शुलिनची. आपण जितक्या वेळा खातो तितक्या वेळा हे द्रव्य रक्तात सुटते, व ते चढलेले असेतोवर साठलेली चरबी खर्ची पडत नाही. म्हणून खाण्याच्या वेळा कमी कराव्या. श्रीमती दिवेकर यांचा उपदेश याच्या अगदी उलट. उठल्यावर चहाकॉफी न घेता दहापंधरा मिनिटांत काहीतरी खावे. पुढे दर दोन तासांनी खावे. अंगमेहनत अधिक तेव्हा अधिक खावे. आणि सूर्यास्तानंतर दोन तासांच्या आत शेवटचे जेवण उरकावे. शरीरास उपाशी ठेवले की ते धास्तावून चरबीचा संचय करते, वेळेवर मिळत गेले की ते सढळ हाताने खर्च करते, ही त्यांची उपपत्ती.

दोन वैद्यकीय मते परस्परविरुद्ध असावीत यात नवल नाही. नवल हे की, दोन्ही पंथांचे अनुयायी आपापले वजन उतरल्याचे प्रामाणिकपणे सांगतात. या विरोधाचा उलगडा दोहोंपैकी एकाही पुस्तकात होत नाही, आणि तोच वाचकास हवा असतो.

उपपत्तींचा विचार करू. इन्शुलिन हे खाण्याच्या घंटेवर उघडणाऱ्या व मिटणाऱ्या दारासारखे नाही. निरोगी माणसात ते उपाशीपणीही थोडेथोडे पाझरत असते; जेवल्यानंतर किती वाढावे व किती वेळ चढे राहावे, हे खाल्लेल्या पदार्थाच्या जातीवर व प्रमाणावर अवलंबून असते. तेव्हा पंचावन्न मिनिटे ही मर्यादा शिस्तीसाठी उपयुक्त असेल. शरीरधर्माचा काटेकोर नियम म्हणून ती स्वीकारता येत नाही. दुसऱ्या पक्षाची उपपत्तीही अशीच ढिली आहे. अन्न पचविण्यासाठी शरीर जी शक्ती खर्च करते ती खाल्लेल्या एकूण शक्तीच्या सुमारे दशांश असते. तेच अन्न तीन वेळा खाल्ले काय, सहा वेळा खाल्ले काय, हा दशांश बदलत नाही. खाण्याच्या वेळांची संख्या वाढविल्याने एकूण खर्च वाढत नाही, हा निष्कर्ष बेलिस्ल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ सालीच उपलब्ध पुराव्याची छाननी करून मांडला होता.

मग दोन्ही पंथांत वजन उतरते कसे? आमच्या मते कारण साधे आहे. दोनदाच जेवावयाचे ठरले की, कचेरीतील साखरेचा चहा, त्यासोबतची बिस्किटे, कोणाच्या वाढदिवसाचा पेढा, संध्याकाळची भजी व रात्री उशिराचा चिवडा ही सारी एका फटक्यात वर्ज्य होतात. दर दोन तासांनी नेमाने खावयाचे ठरले की, दिवसभर पोट रिकामे ठेवून रात्री दहा वाजता ताटावर तुटून पडण्याची सवय सुटते. एकात कुंपण बाहेरून घातलेले आहे, दुसऱ्यात आतून. पण दोहोंचा परिणाम एकूण आहार कमी होण्यात होतो.

हा केवळ आमचा तर्क नव्हे. अलीकडील प्रयोगांचा कल याच दिशेचा आहे. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ११६ स्थूल माणसांपैकी काहींना दुपारी बारा ते रात्री आठ या वेळातच खावयास सांगितले व इतरांना नित्याप्रमाणे तीन जेवणे. बारा आठवड्यांनी पहिल्यांचे वजन सरासरीने सुमारे ०.९ किलो, तर दुसऱ्यांचे सुमारे ०.७ किलो उतरले. हा फरक गणिताच्या दृष्टीने नगण्य ठरला. चीनमध्ये ग्वांगझू येथे १३९ जणांवर केलेला प्रयोग २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांचाच आहार मोजून कमी केला होता. अर्ध्यांना शिवाय सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खाण्याचे बंधन होते. वर्षाअखेर बंधनवाल्यांचे वजन सुमारे ८ किलोंनी, तर इतरांचे ६.३ किलोंनी घटले; हाही फरक निर्णायक ठरला नाही. न्याहारीविषयी म्हणाल तर, १३ प्रयोगांची छाननी २०१९ साली झाली, तीत न्याहारी करणारांचे वजन न करणारांहून किंचित अधिकच आढळले. न्याहारी केल्यानेच माणूस सडपातळ राहतो, या समजुतीस त्यामुळे आधार उरत नाही.

तथापि एवढ्यावरून ‘वेळेचा काहीच संबंध नाही’ असा निकाल देणे उतावळेपणाचे होईल. स्पेनमध्ये मुर्सिया येथे ४२० जणांचे वीस आठवडे निरीक्षण केले गेले (२०१३). दुपारचे जेवण तीननंतर घेणारांचे वजन तीनपूर्वी जेवणारांहून कमी उतरले. आणि दोघांचा आहार तर जवळजवळ सारखाच नोंदला होता. अर्थात हे निरीक्षण होते. उशिरा जेवणारांच्या राहणीत इतर भेद नसतीलच असे नाही. २०१३ सालच्याच दुसऱ्या एका प्रयोगात ९३ स्त्रियांना दिवसाला १४०० कॅलरींचा आहार दिला. ज्यांनी निम्मा भाग न्याहारीस घेतला त्यांचे वजन बारा आठवड्यांत ८.७ किलोंनी, तर ज्यांनी तो रात्री घेतला त्यांचे ३.६ किलोंनी उतरले. हा फरक डोळ्यांत भरण्याजोगा आहे. परंतु ॲबर्डीन येथील संशोधकांनी ३० जणांना सारे अन्न स्वतः पुरवून हाच प्रश्न तपासला (२०२२), तेव्हा सकाळी अधिक खावे की रात्री, याने वजनात अथवा शक्तीच्या खर्चात फरक पडला नाही. मात्र सकाळी अधिक खाणारांस दिवसभर भूक कमी वाटली. बोस्टन येथे त्याच वर्षी अवघ्या १६ जणांवर झालेल्या काटेकोर प्रयोगात, तेच अन्न सुमारे चार तास उशिरा दिले असता भूक वाढली व शक्तीचा खर्च थोडा घटला.

या विसंगत दिसणाऱ्या निष्कर्षांतून एक गोष्ट मात्र निघते. ताटात काय व किती पडावे हे दुसऱ्याने ठरविले की वेळेचा प्रभाव ओसरतो. ते ज्याचे त्याने ठरवावयाचे असले की वेळ भुकेवाटे आपले काम करते. उशिरा खाणे अधिक भूक आणते व अधिक भूक अधिक खावयास लावते. म्हणून रात्रीचे जेवण लवकर उरकावे हा श्रीमती दिवेकर यांचा उपदेश, व खऱ्या भुकेची वेळ ओळखावी हा डॉ. दीक्षित यांचा उपदेश, ही दोन्ही पुस्तकांतील सर्वांत टिकाऊ वाक्ये होत. आणि गंमत अशी की, ती परस्परांस मुळीच विरोधी नाहीत. पूर्वीचे अन्न जिरल्यावरच जेवावे, हे तर चरकसंहितेनेही सांगून ठेविले आहे.

आता लेखनपद्धतीविषयी. श्रीमती दिवेकर यांची भाषा गप्पांची, खेळकर व वाचकाच्या मनातील अपराधीपणा घालविणारी आहे; तूप व भात यांविषयीची धास्ती त्यांनी घालविली, हे त्यांचे खरे कार्य. पण त्यांच्या पुस्तकाची कीर्ती चित्रपट-अभिनेत्री करीना कपूर यांच्या देहयष्टीशी निगडित झाली, आणि ज्यांच्या हाताशी स्वयंपाकी व सवड आहे त्यांचे उदाहरण सामान्य गृहिणीस कितपत लागू पडावे, हा प्रश्न तसाच राहिला. डॉ. दीक्षित यांची भाषा व्याख्यात्याची. छोटी वाक्ये, ठाम आज्ञा, आकडे. त्यांची योजना फुकट आहे, तिच्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, आणि मधुमेहाच्या तपासण्या करून घ्याव्या असेही ती सांगते. हा तिचा मोठा गुण. दोष शीर्षकातच आहे. ‘विनासायास’ या शब्दाने आयास लपतो. रोज साडेचार किलोमीटर चालणे व पंगतीत हात आवरून बसणे हा आयास नव्हे तर काय? शिवाय दोन्ही पंथांच्या प्रचारात यशस्वी झालेल्यांचे अनुभव पुढे येतात. ज्यांना चार महिन्यांत कंटाळा आला ते बोलावयास येत नाहीत. अशा अनुभवांनी उत्साह वाढतो, पण सिद्धांत सिद्ध होत नाही.

येथे केवळ तर्कशास्त्राचा प्रश्न नाही. पुस्तकातील उपदेश तोंडोतोंडी पसरतो तेव्हा त्यातील अटी गळून पडतात व आज्ञा तेवढी उरते. इन्शुलिनची सुई अथवा साखर उतरविणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेह्याने औषधाची मात्रा तशीच ठेवून एकाएकी जेवणे कमी केली, तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाऊ शकते. गर्भवती, वाढत्या वयाची मुले व क्षीण झालेले वृद्ध यांस तर वजन उतरविण्याचे कोणतेही वेळापत्रक वैद्याच्या सल्ल्यावाचून लागू करणे गैर होय.

आणखी एक गोष्ट दोन्ही पुस्तकांच्या कक्षेबाहेर राहते. आपल्या भाषेत ‘दोन वेळचे जेवण’ हा शब्दप्रयोग निर्वाहाचा आहे; ते मिळण्याची भ्रांत असलेली माणसे आजही आहेत. ज्याची पाळी रात्रीची आहे, जो लोकलने रात्री नऊला घरी पोचतो, किंवा जी सर्वांस वाढून शेवटी पानावर बसते, त्यांची जेवणाची वेळ त्यांच्या हातची नसते. त्यांस सूर्यास्ताचा नियम सांगण्यापूर्वी घरातील पाने एकत्र मांडण्याचा नियम घरच्यांस सांगितला पाहिजे.

सारांश, वजनाच्या बाबतीत मुख्य स्थान आहाराच्या प्रमाणास व जातीस आहे. वेळेचे स्थान दुय्यम, पण निरर्थक नव्हे. ज्यास दोन जेवणांची शिस्त मानवते त्याने ती पाळावी, ज्यास थोडेथोडे खाऊन ताबा राहतो त्याने तसे करावे. रात्रीचे खाणे मात्र शक्य तितके लवकर व हलके असावे. ही दोन्ही पुस्तके वाचकाने एकापाठोपाठ एक वाचावी, अशी आमची शिफारस आहे. एकटे वाचले तर प्रत्येक पुस्तक वाचकास अनुयायी करू पाहते. दोन्ही वाचणारास मात्र स्वतःच्या भुकेकडे व ताटाकडे पाहिल्यावाचून गत्यंतर राहत नाही.