क्षितिज सरळ हवे होते
(साप्ताहिक छायाचित्र-आव्हानातली समीक्षा आणि देवनार)

रविवारी रात्री विषय जाहीर होतो : सावली, लाल, खिडकी, प्रतीक्षा, धूर. पुढच्या शनिवारपर्यंत प्रत्येकाने एकच छायाचित्र द्यायचे, तेही त्याच आठवड्यात काढलेले. जुन्या साठ्यातले चालत नाही. मग सर्वांनी एकमेकांच्या छायाचित्रांवर बोलायचे. हौशी छायाचित्रकारांची मंडळे, महाविद्यालयांतले कॅमेरा क्लब, एका सोसायटीतले पाच-सात मित्र, कुठेही गेलात तरी खेळाचे नियम थोड्याफार फरकाने हेच असतात. या खेळातून निघणाऱ्या छायाचित्रांपेक्षा त्यांच्यावर होणाऱ्या बोलण्याकडे पाहावे, असा या लेखाचा हेतू आहे. कारण हे बोलणे ही समीक्षाच आहे. ती कुठे छापून येत नाही, तिच्यावर कुणी प्रबंध लिहीत नाही. पण वर्तमानपत्रांतल्या कलासमीक्षेपेक्षा कितीतरी अधिक माणसे ती दर आठवड्याला लिहितात आणि वाचतात. तिची परीक्षा पाहण्यासाठी मी देवनार निवडले आहे. तिथे या समीक्षेचे शब्द संपतात.

आधी तिचे देणे मान्य केले पाहिजे. आपल्याकडे समस्यापूर्तीची परंपरा होती. राजाने किंवा सभेतल्या कुणी एक चरण द्यायचा, कवीने उरलेला श्लोक पुरा करायचा. दिलेला चरण अनेकदा मुद्दाम अडचणीचा, अर्थहीन वाटावा असा असे, आणि कवीचे कसब त्या अडचणीतूनच दिसे. साप्ताहिक विषय नेमके हेच काम करतो. ‘सुंदर काहीतरी काढ’ म्हटले की माणूस मरीन ड्राइव्हला सूर्यास्त काढायला जातो. ‘खिडकी’ म्हटले की रोजच्या हार्बर लोकलची गजांची खिडकी त्याला पहिल्यांदा दिसते. मुदतीचा धाक असल्याने चांगल्या उजेडाची वाट पाहत बसण्याची चैन राहत नाही. आणि मुख्य म्हणजे कुणीतरी आपले काम थांबून पाहते. घरातल्यांनी ‘छान आहे’ म्हणणे आणि अनोळखी माणसाने ‘उजवीकडचा विजेचा खांब कापला असता तर नजर सरळ मुलीकडे गेली असती’ असे सांगणे, यांत फार अंतर आहे. दुसऱ्या वाक्याने माणूस शिकतो.

पण या वाक्यांची एक यादी मनात करून पाहावी. ‘क्षितिज थोडे तिरके झाले आहे.’ ‘हायलाइट्स उडाल्यात.’ ‘विषय मधोमध नको, एक-तृतीयांशावर हवा होता.’ ‘लीडिंग लाइन्स मस्त.’ ‘निळ्यासमोर पिवळा काय खुलून आलाय!’ ‘खालचा डावा कोपरा रिकामा वाटतो.’ ही सगळी विधाने चौकटीच्या आत राहतात. रेषा, रंग, उजेड, तोल यांच्यापलीकडे एकही जात नाही. मराठी वाचकाला ही भाषा ओळखीची वाटायला हवी. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात सौंदर्याचा उलगडा लयीच्या नियमांनी केला : संवाद, विरोध आणि समतोल. निळ्यासमोरचा पिवळा हा विरोध, पुलाच्या कमानींची रांग हा संवाद, रिकाम्या कोपऱ्याची तक्रार ही समतोलाची मागणी. मर्ढेकरांचे पानही न उलटलेला छायाचित्रकार दर आठवड्याला मर्ढेकरी समीक्षा करत असतो. मात्र पुढची पायरी त्याला ठाऊक नसते. साहित्याकडे वळताना खुद्द मर्ढेकरांना आपली चौकट जशीच्या तशी पुरली नाही. साहित्याचे माध्यम शब्दांचे नाद नव्हेत, भावनात्मक अर्थ हे त्याचे माध्यम, अशी मांडणी त्यांना करावी लागली. छायाचित्र कुणाच्या जवळचे आहे, संगीताच्या की साहित्याच्या? ज्या वस्तूवर प्रत्यक्ष उजेड पडला आणि जी प्रत्यक्ष कॅमेऱ्यासमोर होती, तिच्यावाचून छायाचित्र निघतच नाही. अर्थ त्याला बाहेरून चिकटवलेला नसतो. म्हणून मला ते साहित्याकडे झुकलेले वाटते, आणि त्याची निव्वळ लयीची समीक्षा अर्धीच वाटते. (पिंपातल्या उंदरांना मराठी कवितेत आणणारा कवी आणि लयीचे नियम सांगणारा मीमांसक एकच होता, हे आपण फार सहज विसरतो.)

ही अर्धी भाषा आली कुठून? हौशी गटांनी ती घडवलेली नाही. ती सलोनची आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया १९३७ मध्ये निघाली. देशभरच्या मंडळांचा महासंघ १९५३ मध्ये झाला. आंतरराष्ट्रीय पातळीवर ‘फियाप’ ही संस्था १९५० पासून आहे. सलोनमध्ये परीक्षकासमोर काढणाऱ्याचे नाव नसते, छायाचित्रे एकामागून एक येतात, काही सेकंदांत गुण द्यायचे असतात. शेकडो छायाचित्रांचा न्याय असा करायचा तर जे डोळ्याला तत्काळ दिसते तेच मोजावे लागते. नाव झाकणे यात न्यायबुद्धी आहे, ते योग्यच. पण नावाबरोबर गाव, दिवस आणि प्रसंगही झाकले जातात. साप्ताहिक गटाला अशी घाई नसते, त्याच्याकडे सात दिवस असतात. तरी त्याने परीक्षकाची काही सेकंदांची भाषाच उचलली. सलोनलाही ही मर्यादा कळलेली आहे, कारण तिथे वृत्तछायाचित्रांचा वेगळा विभाग असतो आणि त्यात दिसण्यापेक्षा वृत्तमूल्याला अधिक वजन देतात. साप्ताहिक गटात असे विभाग नसतात. सगळे एकाच पंक्तीला बसते आणि सगळ्यांना एकच वाढले जाते.

सलोनच्या नियमांतला एक तपशील मला फार बोलका वाटतो. फियाप, फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी निसर्ग-छायाचित्राची संयुक्त व्याख्या मान्य केली आहे. तिच्यानुसार छायाचित्रात माणसाच्या खुणा असू नयेत. त्या निसर्गकथेचाच भाग असतील तर गोष्ट वेगळी. तसेच चित्रातला कोणताही घटक नंतर पुसायला, हलवायला किंवा घालायला मनाई आहे. मात्र कडा कापायला परवानगी आहे. आता ठाण्याच्या खाडीवरचे रोहित पक्षी घ्या. २०१५ मध्ये तिथे अभयारण्य जाहीर झाले, २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा मिळाला. ‘पक्षी’ किंवा ‘गुलाबी’ असा विषय आला की हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत या खाडीवरच्या थव्यांची छायाचित्रे हमखास येतात. याच खाडीच्या पश्चिम काठाला, खारफुटीला लागून देवनारची कचराभूमी आहे. प्लास्टिकची पिशवी पुसली तर अप्रामाणिकपणा. पिशवी येणारच नाही अशी चौकट धरली तर उत्तम दृष्टी. पक्ष्यांच्या छायाचित्रकाराला यात दोष देण्याचे कारण नाही, तो नियम पाळतो आहे. पण समीक्षकाने तरी विचारावे की चौकटीच्या डावीकडे काय होते.

देवनार. १९२७ पासून मुंबई आपला कचरा इथे आणून टाकते. तीनशे एकरांहून अधिक जागा आणि काही ठिकाणी कित्येक मजली इमारतींएवढे ढीग. जवळच १९७१ चा कत्तलखाना, अलीकडे टाटा समाजविज्ञान संस्थेचे हिरवेगार आवार, पलीकडे गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्या. कॅमेरा घेतलेल्या माणसाला या परिसरात विषयांचा तोटा नाही. बकरी ईदच्या आधीचा बकऱ्यांचा बाजार ‘पोत’ या विषयाला चालतो, ‘गर्दी’ला चालतो, ‘डोळे’ या विषयाला तर फारच चालतो. कचऱ्याच्या डोंगरावर वाकलेली बाई सायंकाळच्या उजेडात छायाकृती म्हणून उठून दिसते. मागे घारींचे वर्तुळ, पुढे धुळीचा सोनेरी पडदा. अशा छायाचित्रावर काय बोलले जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. ‘गोल्डन अवर कडक पकडलाय.’ ‘घार थोडी डावीकडे असती तर!’

‘धूर’ हाच विषय घेऊ. जानेवारी २०१६ च्या शेवटच्या आठवड्यात देवनारच्या कचराभूमीला मोठी आग लागली. ती काही दिवस धुमसत राहिली. पूर्व उपनगरांवर धूर पसरला, आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. धुराचा पट्टा इतका मोठा होता की नासाच्या उपग्रहांनी तो वरून टिपला. आगीची जमिनीवरून काढलेली अनेक छायाचित्रे करड्या-तांबूस थरांमुळे खरोखर देखणी आहेत. उपग्रहाचे चित्र त्या मानाने सपाट आहे. त्यात क्षितिजच नसल्याने ते तिरके होण्याचाही प्रश्न नाही. पण ते तारीख, ठिकाण आणि स्पष्टीकरणासह प्रसिद्ध झाले. कुठला धूर, कुठून कुठे चालला आहे, हे त्यातून कळते. आगीनंतर कचराभूमीवर पहारा वाढला आणि वेचणाऱ्यांना डोंगरावर जाणे अवघड झाले. सौम्या रॉय यांच्या ‘माउंटन टेल्स’ (२०२१) या पुस्तकात हा काळ सविस्तर आला आहे. म्हणजे त्या धुराचा अर्थ चेंबूरच्या गॅलरीत उभ्या असलेल्याला खोकला, आणि डोंगरावर पोट असलेल्याला बुडालेला रोजगार. देखण्या थरांमध्ये यातले काहीच दिसत नाही. दिसू शकतच नाही. ते सांगावे लागते.

जर्मन विचारवंत वाल्टर बेन्यामिन यांनी १९३४ मध्ये नेमकी हीच तक्रार केली होती, आणि योगायोग असा की त्यांचे एक उदाहरणही कचऱ्याच्या ढिगाचे होते. त्या काळच्या नव्या जर्मन छायाचित्रणाने असे कौशल्य कमावले होते की चाळ किंवा उकिरडा कॅमेऱ्यापुढे आला तरी तो उजळूनच निघे. रोष होता आल्बर्ट रेंगर-पाच यांच्या १९२८ च्या संग्रहावर, ज्याच्या नावाचाच अर्थ ‘जग सुंदर आहे’. बेन्यामिन यांनी सुचवलेला उपाय साधा होता : छायाचित्राखालचा मजकूर. दारिद्र्याला उपभोग्य होण्यापासून वाचवेल अशी ओळ छायाचित्रकाराने लिहायला शिकले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. हा छंद आहे. दिवसभर कचेरीत राबून रविवारी कॅमेरा हातात घेणाऱ्यावर सामाजिक जबाबदारीचे ओझे कशाला? ओझे नकोच. फुलावर दव काढणाऱ्याने फुलाचे सामाजिक स्थान सांगावे असे कुणी म्हणत नाही. पण चौकटीत माणूस आला की तिथे दोन पक्ष होतात, आणि त्यांतला एक गटाच्या चर्चेत कधीच हजर नसतो. डोंगरावरच्या बाईला आपण या आठवड्याची ‘छायाकृती’ आहोत हे माहीत नाही. तिच्या वतीने एखादा प्रश्न विचारण्याची जागा फक्त समीक्षेत आहे. मराठी साहित्याने कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद फडके-खांडेकरांच्या काळात घातला, पुढे दलित साहित्याने तो मुळापासून बदलला आणि सौंदर्याच्या कसोट्यांनाच उत्तरे द्यायला लावले. छायाचित्रणाच्या हौशी समीक्षेत हा वाद अजून सुरूच झालेला नाही.

मात्र ‘मजकूर द्या’ म्हणून भागत नाही. मुंबईलाच याचा जुना अनुभव आहे. १८५४ मध्ये इथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी निघाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. तिच्या आश्रयाने विल्यम जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी १८५६ पासून एक मासिक चित्रसंग्रह काढला. अंकात मूळ छायाचित्रे चिकटवलेली, सोबत वर्णन. ठरावीक मुदतीने हौशी मंडळींसमोर छायाचित्रे ठेवण्याचा हा आपल्याकडचा फार जुना नमुना, आणि तिथे मजकूर होता! पण कसला? अमुक जात, तमुक धंदा. पुढे जॉन्सनने मुंबईच्या ‘जाती-जमातीं’चे दोन खंड १८६३ आणि १८६६ मध्ये काढले, त्यांत तर वेगळी काढलेली माणसे मुंबईच्या दृश्यांवर जोडून छापली आहेत. माणूस एकीकडचा, पार्श्वभूमी दुसरीकडची आणि खाली जातीचे नाव. मजकुराने माणसाला आवाज मिळतो तसा शिक्काही बसतो. ‘कचरा वेचणारी, देवनार’ एवढेच लिहिले तर आपण फार पुढे गेलो असे म्हणता येणार नाही.

फरक कुठे पडतो ते सुधारक ओलवे यांच्या कामात दिसते. मूळचे अकोल्याचे, जे. जे. मध्ये शिकलेले ओलवे (पद्मश्री २०१६) यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांची कृष्णधवल छायाचित्रे काढली. रचनेत ती कुठेही कमी नाहीत. मॅनहोलमधून वर येणाऱ्या कामगाराच्या अंगावरची चमक पाहून सलोनचा परीक्षकही थांबेल. पण ती एकेकटी येत नाहीत. कामगार गटारात उतरतो, कचरा उपसतो, घरी जातो, अशी ती मालिकेने येतात आणि सोबतचा मजकूर जातीपाशी न थांबता काम कसे होते, कोणत्या साधनांशिवाय होते, कामगार कसा जगतो हे सांगतो. ओलवे एका विषयाकडे वर्षानुवर्षे परत गेले. साप्ताहिक आव्हानाला हेच जमत नाही. सोमवारी विषय बदललेला असतो आणि धुरातली बाई मागे राहून आपण ‘खिडकी’ शोधायला लागलेलो असतो.

यावर गटांनी आव्हाने बंद करावीत असे मला मुळीच वाटत नाही. काही नियम बदलता येतील. माणूस असलेल्या छायाचित्राखाली ठिकाण, तारीख आणि काढणाऱ्याने त्या माणसाशी केलेल्या बोलण्यातली एक ओळ असावी. बोलणे झाले नसेल तर तसे लिहावे. वर्षातून एकदा पूर्वीचाच विषय, पूर्वीच्याच जागी जाऊन पुन्हा घ्यावा. आणि टिप्पणी करणाऱ्याने एक-तृतीयांशाचा नियम सांगायच्या आधी एक प्रश्न विचारावा, रचनेबाहेरचा : ती बाई त्या गोणीत काय भरत होती, आणि किलोला काय भाव मिळतो?