पितळ, कवच आणि साग

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या पदरी असलेल्या आंद्रे-शार्ल बूल (१६४२-१७३२) या कारागिराने पितळेचा पत्रा व कासवाचे कवच एकावर एक ठेवून एकदमच कापले आणि एकाचा तुकडा दुसऱ्याच्या खाचेत बसविला. हे कौशल्य आम्हांस मान्य आहे. परंतु त्या झगमगाटात लाकूड दिसेनासे होते, हा दोषही आहे. त्याच सतराव्या शतकात पोर्तुगीज अमदानीतील गोव्याच्या कपाटांवर सागात आबनूस व हस्तिदंत जडविले गेले. तेथे साग सागच राहतो. आम्ही त्यालाच झुकते माप देतो. मात्र दोन्ही शोभा मुक्या प्राण्यांच्या जिवावर उभ्या होत्या. आज कवच व हस्तिदंत यांचा व्यापार आपल्या देशात निषिद्ध आहे. म्हणूनच नव्याचा हव्यास न धरता वसईतील धर्मग्रामांनी सॅक्रिस्टीतील जुने कपाट मोडीत काढण्यापूर्वी त्याचे सांधे एकदा न्याहाळावेत.