वर्गांची बेरीज

बँकांच्या धंद्यात चुरस किती, हे अजमावण्यासाठी अर्थशास्त्री जो हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक वापरतात, तो मॅट्रिकपुरते गणित शिकलेल्या माझ्यासारख्या मास्तरालाही कळतो. प्रत्येक बँकेच्या वाट्याला आलेल्या ठेवींची टक्केवारी घ्यावी, तिचा वर्ग करावा आणि साऱ्या वर्गांची बेरीज मांडावी. चारच बँका असून वाटे सारखे असले, तर बेरीज 2500 होते. एकीकडे 70 आणि उरलेल्या तिघींकडे दहा-दहा असले, तर 5200. पहिल्या चार बँकांच्या वाट्यांची नुसती बेरीज करणारे माप दोन्हीकडे 100च दाखविते. वर्ग करण्याच्या या युक्तीचे मला कौतुक वाटते. मोठ्याचे मोठेपण ती लपू देत नाही.

पण वर्ग कोणाचा करावयाचा, याविषयी सूत्र काही बोलत नाही. आपल्या सरकारने 1969 साली 14 आणि 1980 साली आणखी 6 बँका ताब्यात घेतल्या. पाट्या वेगळ्या राहिल्या, धनी एक झाला. पुढे 1 एप्रिल 2020 रोजी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या आणि एकंदर 12 उरल्या. पाट्या मोजाल, तर त्या दिवशी निर्देशांक वाढला. धनी मोजाल, तर तो जागचा हललाही नाही. देशातील निम्म्याहून अधिक ठेवी आजही याच बँकांत आहेत. म्हणजे एकट्या धन्याचा वर्गच 2500च्या पुढे जातो!

मग धनीच मोजावा, असे मलाही वाटे. परंतु आमच्या पेठेत समोरासमोर दोन सरकारी बँका होत्या. एकीत पासबुकासाठी ताटकळावे लागले, की मी दुसरीत खाते नेण्याची धमकी देई, आणि काम होई. धनी एक असूनही चुरस होती. विलीनीकरणानंतर त्यांतली एक शाखा बंद झाली. अखिल भारतीय निर्देशांक सारा देश ही एकच पेठ धरतो. त्यात या दाराची नोंद होणार कशी? कारखानदार कर्जासाठी मुंबई गाठील. पेन्शनवाल्या म्हातारीची पेठ मात्र तिचे पाय नेतील तेवढीच. (बँक आता मोबाइलवर आली, हे खरे, पण तिला ती अक्षरे दिसायला हवीत ना!) हे माप तालुक्या-तालुक्याचे वेगळे काढल्याशिवाय मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

परवा खिडकीशी मी सवयीने जुनी धमकी दिली. कारकून हसला आणि म्हणाला, "कुठे जाणार, गुरुजी?"