बदकाचा पाय आणि घाईत काढलेला निष्कर्ष

सेट-नेटच्या नोट्समध्ये एक वाक्य हमखास सापडतं: बीएमपी प्रथिनांमुळे भ्रूणाच्या बोटांमधल्या पेशी मरतात आणि बोटं सुटी होतात. वाक्य चूक नाही. पण ते ज्या पेपरवर उभं आहे तो तुम्ही एकदा स्वतः वाचाच, कारण त्यात एक पक्की आणि एक कच्ची गोष्ट शेजारी शेजारी छापली आहे.

पेपर झोउ आणि निस्वांडर यांचा, १९९६ साली 'सायन्स'मध्ये आलेला. त्यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या पायात बीएमपीचा बिघडवलेला रिसेप्टर घातला. हा रिसेप्टर स्वतः संकेत पुढे पाठवत नाहीच, वर चांगल्या रिसेप्टरचंही काम अडवतो. बोटांमधला पेशीमृत्यू खूप कमी झाला आणि पायाला पडदा राहिला. (खवल्यांच्या जागी पिसं आली, तो वेगळाच मजेशीर भाग.) इथवर प्रयोग भक्कम आहे: संकेत अडवला, मृत्यू थांबला.

मग लेखक बदकाकडे वळतात. जळकोटात अंगणात फिरणाऱ्या कोंबडीची बोटं सुटी, बदकाच्या बोटांमध्ये पडदा. तेव्हा बदकाच्या त्या जागेत बीएमपी नसणारच, असं वाटणं साहजिक आहे. पेपरनेही तसंच सांगितलं. माझा आक्षेप इथे आहे. 'दिसलं नाही' यावरून 'नाहीच' म्हणायला जास्त पुरावा लागतो, आणि उत्तर कथेत इतकं चपखल बसत असेल तर दुप्पट. पुढच्याच वर्षी त्याच नियतकालिकात फेरविश्लेषण आलं, लेखकांत झोउ आणि निस्वांडरही होते: बदकाच्या बोटांमध्येही बीएमपी असतात. स्वतःचा निष्कर्ष असा जाहीरपणे मागे घेणं मला मूळ पेपरइतकंच मोलाचं वाटतं. नोट्समध्ये मात्र ते येत नाही.

मग फरक कशात? १९९९ मध्ये मेरिनो आणि सहकाऱ्यांनी ग्रेमलिनकडे बोट दाखवलं. हे प्रथिन बीएमपीला अडवतं आणि बदकाच्या बोटांमधल्या जागेत ते असतं. अशी अडवणारी प्रथिनं फार जुनी आहेत बरं का. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या सुरेंद्र घासकडबी यांच्या गटाने २०१० साली हायड्रातलं नॉगिन बेडकाच्या भ्रूणात तपासलं, तर ते तिथेही काम करतं.

खरा गुंता पुढे आहे. बीएमपी पेशीला थेट मारतं, की तिला जगवणारा एफजीएफचा पुरवठा तोडतं? लेवांडोस्की यांच्या गटाने २००७ मध्ये उंदराच्या अवयवाच्या कडेवरच्या त्वचापेशींतून बीएमपीचा रिसेप्टर काढला. एफजीएफ वाढलं, बोटांमधल्या पेशी टिकल्या. तेच एफजीएफ काढलं, तर मृत्यू परत सुरू. म्हणजे परिणाम अप्रत्यक्ष? पण २०१६ मध्ये त्याच गटाने रिसेप्टर बोटांमधल्या पेशींतूनच काढला आणि तिथेही मृत्यू अडला, म्हणजे थेट परिणामही आहेच. दोन्ही वेळा रिसेप्टर तोच होता, बदललं ते फक्त ठिकाण. म्हणून पद्धतीच्या भागात 'काय काढलं' याच्याआधी 'कुठून काढलं' ते वाचत जा.

वटवाघळाने तर दोन्ही वाटा धरल्यात. २००६ च्या वेदरबी आणि सहकाऱ्यांच्या पेपरप्रमाणे त्याच्या पंखाच्या बोटांमध्ये ग्रेमलिनही असतं आणि एफजीएफ८ सुद्धा. मागच्या पायाच्या बोटांमध्ये दोन्ही नाहीत, आणि तिथली बोटं आपल्यासारखी सुटी असतात.