‘हिंदू’ शब्दाची व्याख्या आणि न्या. गजेंद्रगडकर

न्या. प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या कारकिर्दीची चर्चा बहुधा त्यांच्या कामगारविषयक निर्णयांभोवती फिरते. साताऱ्याच्या संस्कृत पंडिताच्या घरात १९०१ साली जन्मलेले आणि संस्कृतातच एम. ए. झालेले हे न्यायमूर्ती १९४५ साली मुंबई उच्च न्यायालयात, १९५७ साली सर्वोच्च न्यायालयात व १९६४ साली सरन्यायाधीशपदी आले. निवृत्तीस दोन महिने उरले असता, १४ जानेवारी १९६६ रोजी, त्यांनी दिलेला निर्णय भाषाभ्यासकानेही वाचावा असा आहे.

अहमदाबादच्या स्वामिनारायण मंदिरात हरिजनांना प्रवेश मिळू नये, म्हणून सत्संगींनी १९४८ साली दावा लावला होता. आपला संप्रदाय हिंदू धर्माहून भिन्न असल्याने मंदिरप्रवेशाचा कायदा आपणांस लागू नाही, हे त्यांचे म्हणणे. तेव्हा हिंदू कोण, हा प्रश्न न्यायालयापुढे आला.

न्यायमूर्ती आरंभ करतात तो व्युत्पत्तीने : ‘सिंधू’चे इराणी मुखात ‘हिंदू’ झाले. स्वरापूर्वीच्या सकाराचा इराणीत हकार होतो, हे खरेच. परंतु व्युत्पत्ती नावाचा उगम सांगते, नाव धारण करणारांची सीमा सांगत नाही. पुढे हिंदू धर्मास एक प्रेषित वा एक मत नसल्याने व्यापकपणे त्यास जीवनपद्धती म्हणता येईल, असे वर्णन येते. आणि लगेच लोकमान्य टिळकांचे वेदप्रामाण्याचे लक्षण स्वीकारले जाते. ही दोन विधाने एकमेकांस सहज मिळत नाहीत. वेदप्रामाण्याची अट काटेकोर लावल्यास जैन व बौद्ध बाहेर राहतात. संविधानाचा २५ वा अनुच्छेद मात्र समाजसुधारणा व मंदिरप्रवेश यांपुरते त्यांना आणि शिखांना हिंदूंतच धरतो.

वस्तुतः निर्णयाचा भक्कम भाग निराळाच आहे. संस्थापकाचे चरित्र, त्याची शिकवण आणि संप्रदायाचे आचार यांची जी छाननी निर्णयात केली आहे, तेवढ्यावरच सत्संगींचा दावा कोसळतो. व्याख्येवाचूनही मंदिराचे दार उघडले असते.

व्याख्या मात्र पुढे गेली. ११ डिसेंबर १९९५ रोजी निवडणूक प्रचारासंबंधीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने ‘हिंदुत्व’ शब्दाचा अर्थ लावताना याच वर्णनाचा आधार घेतला. दार उघडण्यासाठी लिहिलेले वाक्य आता प्रचारसभेतील शब्दाचा अर्थ ठरवू लागले. ‘-त्व’ प्रत्ययाने सिद्ध होणारे भाववाचक नाम विसाव्या शतकात एका राजकीय विचाराचे नावही झाले होते. धर्माचे वर्णन त्यास जसेच्या तसे लावता येत नाही. शिवाय ‘म्हणता येईल’ या रूपातील मूळची सावधगिरी या प्रवासात गळून पडली.